उलटी उचल

दसरा झाला की भीमा आणि घोडच्या काठाने ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. बीड, पाथर्डी, शेवगावकडची माणसे. सोबत बैल, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या आणि शाळा सुटलेली पोरे. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याच्या नावावर पावसाळ्यातच मुकादमाकडून घेतलेली उचल. ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. शिरूर आणि दौंडच्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

आता याच दोन तालुक्यांतून दुसरी एक टोळी बाहेर पडू पाहते आहे. तिच्या हातात कोयता नाही, आयटीआयचे प्रमाणपत्र किंवा नर्सिंगची पदवी आहे आणि मोबाइलमध्ये कॅनडाच्या कुठल्याशा कंपनीचे 'जॉब ऑफर लेटर'. इथे उचल मुकादम देत नाही. ती मुलाचा बाप देतो, चार-दोन गुंठे काढून किंवा पतपेढीचे कर्ज उचलून. ऊसतोड मजूर पैसे घेऊन बांधला जातो; हा मुलगा पैसे देऊन बांधून घेतो. या उलट्या उचलीबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

मुळातली कॅनडाची व्यवस्था खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवे. बनावट माल खऱ्याच्या नावावरच खपतो. 1998 पासून तिथे 'प्रोव्हिन्शियल नॉमिनी प्रोग्रॅम' चालतो. मॅनिटोबा, सस्कॅचेवानसारख्या विरळ वस्तीच्या आणि हाडे गोठवणाऱ्या थंडीच्या प्रांतांची तक्रार होती, की परदेशातून येणारा जो तो टोरांटो नाहीतर व्हँकुव्हर गाठतो. आमच्याकडे वेल्डर नाही, नर्स नाही, ट्रक हाकायला माणूस नाही. म्हणून आपल्या गरजेची माणसे सुचवण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. मालकाच्या मार्फत जाण्याची जी वाट आहे, तिच्यात साधारणपणे मालकाने आधी दाखवून द्यायचे की स्थानिक माणूस शोधला, मिळाला नाही. मग परदेशी कामगाराला पूर्णवेळ कायम नोकरी आणि त्या भागात चालणारा पगार लिहून द्यायचा. मालकाचा धंदा खरा आहे का, किती वर्षे चालू आहे, किती माणसे कामाला आहेत, हे प्रांत तपासतो आणि पटले तर कामगाराला नामांकन देतो.

नामांकन म्हणजे व्हिसा नव्हे. कायम वास्तव्याचा शेवटचा शब्द ओटावातल्या केंद्र सरकारचा; वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, मागची सगळी चौकशी झाल्यावरचा. पण केंद्राच्या 'एक्स्प्रेस एंट्री'च्या रांगेत उभ्या असलेल्याला या नामांकनाचे 600 गुण मिळतात, म्हणजे रांग जवळजवळ संपतेच. एका कागदाला एवढी किंमत आली की त्याचा आठवडे बाजार भरणारच.

तो भरला. परदेशी माणूस ठेवण्यासाठी मालकाला लागणारी 'एलएमआयए' नावाची मंजुरी हजारो डॉलरना विकली जात असल्याची प्रकरणे कॅनडातच बाहेर आली. विकणारे काही मालक होते, काही सल्लागार, आणि सांगायला जड जाते, पण त्यांत आपल्याच देशातून तिकडे गेलेलेही होते. अखेर 25 मार्च 2025 पासून सरकारने एक्स्प्रेस एंट्रीत नोकरीच्या पत्राला मिळणारे वेगळे गुणच काढून टाकले. त्याआधी प्रांतांच्या नामांकनातून येणाऱ्यांचे उद्दिष्ट 2024 च्या 1,10,000 वरून 2025 साठी थेट 55,000 वर आणले होते, आणि बहुतेक जागा आधीच कॅनडात राहत असलेल्यांना द्याव्यात अशी अट प्रांतांना घातली होती. सस्कॅचेवानने ट्रकवाहतूक, हॉटेले आणि किरकोळ विक्री या कामांवर वेगळी मर्यादा आणली. आपल्याकडचे एजंट नेमकी हीच कामे 'लगेच मिळतात' म्हणून सांगत असतात. 2026 साठी उद्दिष्ट पुन्हा 91,500 पर्यंत वाढले आहे, पण घोडनदीच्या पुलाजवळ बसून अर्ज भरणाऱ्यासाठी दार पूर्वीसारखे उघडे आहे असे त्यावरून कोणी समजू नये. एजंटांच्या फ्लेक्सवरच्या विमानाचा आकार तेवढा कमी झालेला नाही.

याच मॅनिटोबात 2009 पासून कायदा आहे, की कामगार मिळवून देण्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, आणि परदेशी माणूस आणणाऱ्या मालकाने आधी सरकारकडे नोंदणी करायची. ज्याला माणूस हवा आहे त्यानेच माणूस शोधण्याचा खर्च करावा, एवढे साधे हे तत्त्व आहे. मग आपल्या मुलाचे लाखो रुपये जातात कुठे? ते मॅनिटोबात जातच नाहीत. ते पुणे-नगर रस्त्यावरच्या एखाद्या गाळ्यात मोजले जातात, जिथे मॅनिटोबाचा निरीक्षक पोचू शकत नाही आणि आपला पोचत नाही.

आपला कायदाही तसा गप्प नाही. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये, वर जीएसटी. गावातला एजंट मात्र स्वतःला एजंट म्हणवतच नाही. तो 'कन्सल्टंट' असतो, 'फक्त मार्गदर्शन' करतो आणि पावती 'फाइल प्रोसेसिंग'ची देतो. पैसे बुडाले की पोलीस ठाण्यात फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो, तोवर गाळ्याला कुलूप लागलेले असते. कायदा गुन्ह्यानंतर आठवायचा, ही आपली जुनी रीत.

पैसे घेतले नाहीत म्हणजे सगळे भागले, असेही नाही. उसाच्या मुकादमाने तरी पैसे कुठे घेतले? त्याने दिले. 1834 नंतर रत्नागिरी आणि साताऱ्याकडची जी माणसे गिरमिट (मजुरीचा करार) करून मॉरिशसच्या मळ्यांवर गेली, त्यांचे जहाजाचे भाडेही मळेवाल्यांनीच भरले होते, आणि मुदत संपेपर्यंत त्यांना मळा सोडता येत नव्हता. त्यांचे वंशज आज तिथे गणपती बसवतात याचे आपल्याला कौतुक वाटते; ती पहिली पिढी कशी राबली हे आपण सहसा आठवत नाही. कॅनडाच्या तात्पुरत्या परदेशी कामगारांच्या योजनेचीही तीच मेख आहे. तिच्यातले बहुतेक परवाने एकाच मालकाच्या नावाने बांधलेले असतात. मालकाने पगार कापला, राहायला तळघर दिले, बारा तास राबवले, तरी नोकरी सोडली की त्या परवान्यावर दुसरीकडे काम करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने 2023 मध्ये ही योजना आधुनिक गुलामगिरीला पोसणारी असल्याचे स्पष्ट म्हटले. छळ झालेल्या कामगाराला खुला परवाना देण्याची सोय कॅनडाने 2019 मध्ये केली, पण तिची माहिती शिक्रापूरहून गेलेल्या मुलाला कोण सांगणार? ज्याने त्याला पाठवले तो तर नाही. नामांकनाची वाट पाहणाऱ्याचे तोंड आणखी घट्ट शिवलेले असते, कारण नोकरी गेली तर नामांकनही जाऊ शकते.

खर्च मालकाने करायचा आणि नोकरी सोडण्याची मुभा कामगाराला असायची, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच बाहेरदेशी जाण्याचा व्यवहार सरळ. एक असून दुसरी नसेल तर ती उचलच. सुलटी किंवा उलटी.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला, तेव्हा आम्हाला बरे वाटले होते. बॉश आणि मर्सिडीज-बेंझचे हे राज्य. त्याच्या राजधानीचे, स्टुटगार्टचे, मुंबईशी 1968 पासून भगिनी-शहराचे नाते आहे. 10,000 कुशल माणसे पाठवायची, परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशी, आणि जर्मन भाषेच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने घ्यायची. मधला दलाल नाही, हे या योजनेतले सगळ्यात मोलाचे. पण आधी भाषा, मग मालकाचे पत्र, हा तिचा क्रम आम्हाला पटत नाही. दिवसभर वायरिंग करणाऱ्या मुलाला बी-1 पातळीपर्यंतचे जर्मन यायला वर्षभर सहज लागते. ते वर्ष त्याने कोणाच्या भरवशावर काढायचे? केरळने डिसेंबर 2021 मध्ये 'नोर्का रूट्स'मार्फत जर्मनीशी परिचारिकांसाठी 'ट्रिपल विन' करार केला, तिथे निवड आधी होते आणि भाषेचा व प्रवासाचा भार परिचारिकेवर पडत नाही. केरळला ही अक्कल पन्नास वर्षे माणसे परदेशी पाठवून आली. परदेशस्थ मल्याळींसाठी त्यांनी 1996 मध्येच वेगळे खाते काढले. आपल्याकडे अशा कामाला वेगळे खाते सोडा, तालुक्याला एक टेबलसुद्धा नाही.

आणि मालक परदेशी माणसाला कसा वागवतो हे विचारण्याआधी आपणही आरशात पाहावे. रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रीजपासून मोटारींपर्यंत सगळे बनते, कुरकुंभला रसायने. कारेगाव आणि सणसवाडीच्या चाळींत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली मुले एका खोलीत सहा-सात जण राहतात. केडगाव-यवतकडची गुऱ्हाळे उत्तरेकडच्या कारागिरांवर पेटतात. यांना इथे आणणारा ठेकेदार कोण, त्याने किती कापून घेतले, याची नोंद कुठल्या प्रांताने तपासली? परप्रांतीय कामगारांसाठी 1979 मध्ये केलेला कायदा ठेकेदाराला विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च द्यायला सांगत होता. नव्या कामगार संहितेत प्रवासखर्च राहिला, विस्थापन भत्ता गेला. जुना कायदा होता तेव्हाही तो भत्ता हातात पडलेला कामगार शोधूनच काढावा लागला असता. स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या द्या म्हणून कंपन्यांच्या दारात घोषणा देणाऱ्यांनी उरलेल्या 20 टक्क्यांच्या पगारपत्रकाकडेही कधी पाहावे. ठेकेदाराचा माणूस स्वस्तात बांधून मिळतो, म्हणून तर स्थानिक पोरगा नको असतो. तोच पोरगा मग सस्कॅचेवानला ट्रक चालवायला निघतो.

आमची मागणी मोठी नाही. शिरूर आणि दौंडच्या तहसील कचेरीत आठवड्यातून एक दिवस परदेशी नोकरीचे कागद तपासून देणारा सरकारी माणूस बसवा. जर्मन करारासाठी या जिल्ह्यातून किती जणांनी नावे दिली, किती जण भाषेची परीक्षा उतरले, किती जणांना मालकाचे पत्र आले आणि किती जण प्रत्यक्ष विमानात बसले, हे आकडे तालुकावार फळ्यावर लावा, आणि दर महिन्याला बदला. रांजणगाव आणि कुरकुंभच्या ठेकेदारांची परवान्यासह यादीही त्याच फळ्यावर लागू द्या.

आणि ज्या बापाच्या हातात या आठवड्यात जमिनीची विसारपावती आहे, त्याने तिच्यावर सही करण्याआधी समोरच्या 'कन्सल्टंट'कडे ई-मायग्रेटचा नोंदणी क्रमांक मागावा.