ग्लासावर लेबल नसतं : बिअरच्या रिव्ह्यूंबद्दल एका डॉक्टरची तक्रार

‘एकदम हलकी, डोकं धरत नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत, सगळं नॅचरल. आरामात तीन ग्लास जातात.’

नव्या ब्रूपबबद्दल अशा प्रकारचा मजकूर तुम्ही फोनवर नक्की वाचला असेल. सोबत फेसाळ ग्लासाचा फोटो, चकण्याचं वर्णन, अँबियन्सला साडेचार स्टार. लिहिणारा माणूस वाईट नसतो. तो आपला शनिवार कसा गेला ते मित्रांना सांगतोय. पण वरची चार विधानं पुन्हा वाचा. ‘हलकी’, ‘डोकं धरत नाही’, ‘नॅचरल’, ‘तीन ग्लास जातात’. यातलं एकही विधान चवीबद्दल नाही. चारही विधानं तुमच्या शरीरात काय होईल याबद्दल आहेत. म्हणजे हा वैद्यकीय सल्ला झाला, आणि तो ज्याने दिला त्याला तुमचं वय, वजन, शुगर, लिव्हर आणि चालू असलेली औषधं यातलं काहीच माहीत नाही.

आधीच सांगतो, मला रिव्ह्यूंचं वावडं नाही. पुण्यात राहून मिसळीचे रिव्ह्यू न वाचणारा माणूस विरळाच. पण मिसळीवर लिहिणारे लोक एक गोष्ट इमानेइतबारे करतात. तर्री किती जहाल आहे ते सांगतात. ‘ॲसिडिटी असेल तर जपून’, ‘मीडियम मागवा’, ‘दही घ्याच’. मटकीच्या वाटीबद्दल इतकी काळजी घेणारे आपण बिअरच्या ग्लासातल्या अल्कोहोलचा आकडा मात्र लिहीत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

कारण समजून घ्या. दुकानातल्या बाटलीवर किंवा कॅनवर अल्कोहोलचं प्रमाण छापावंच लागतं, शिवाय वैधानिक इशाराही. ताज्या बिअरचं तसं नसतं. ती टाकीतून नळाने येते आणि ग्लासात ओतली जाते. ग्लासाला लेबल नसतं. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं आणि महाराष्ट्रात मायक्रोब्रूअरीचं युग आलं. त्यानंतर मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी असं करत हे प्रकरण मुंबईपासून गोव्यापर्यंत पसरलं. बऱ्याच ठिकाणी मेनूवर किंवा फळ्यावर ‘एबीव्ही’ म्हणून टक्केवारी लिहिलेली असते. रिव्ह्यू लिहिणारा त्या फळ्याचा फोटो काढतो, केळ्याचा आणि लवंगेचा वास वर्णन करतो, कडवटपणाचा ‘आयबीयू’ आकडाही हौसेने देतो. एबीव्ही तेवढा राहून जातो.

आता थोडं गणित. ग्लासातले मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले ०.८. उत्तर येतं ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरचा ५०० मिलिलिटरचा ग्लास म्हणजे २० ग्रॅम, म्हणजेच दोन छोटे पेग. तोच ग्लास ७ टक्क्यांच्या आयपीएचा असेल तर २८ ग्रॅम. असे ‘आरामात जाणारे’ तीन ग्लास म्हणजे ८४ ग्रॅम.

८४ ग्रॅम म्हणजे किती, हे कळायला सोपं माप देतो. व्हिस्कीची एक क्वार्टर आणि त्यावर दोन छोटे पेग.

माझ्यासमोर बसलेल्या पेशंटला मी विचारतो, ‘घेता का?’ उत्तर येतं, ‘नाही डॉक्टर, दारू नाही. फक्त बिअर, तीही शनिवारी.’ शेजारी बसलेल्या वहिनीही मान डोलावतात, कारण त्यांच्या दृष्टीने क्वार्टर पिणारा माणूस वेगळा असतो. तो रस्त्याच्या कडेला दिसतो, आपले हे तर चांगल्या ठिकाणी जातात. लिव्हरला ठिकाण कळत नाही. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, रक्तात वाढलेला जीजीटी आणि ट्रायग्लिसराइड्स, हट्टी बीपी, आणि तोंडाने मात्र ‘फक्त बिअर’. एका ग्रॅम अल्कोहोलमागे ७ कॅलरी असतात, म्हणजे वरच्या तीन ग्लासांत नुसत्या अल्कोहोलच्या जवळपास ६०० कॅलरी झाल्या. धान्यातून उरलेली साखर आणि चकणा वेगळा.

‘हलकी’ या शब्दाने सर्वात जास्त घोटाळा केला आहे. बहुतेक रिव्ह्यूंत हलकी म्हणजे रंगाने फिकी, प्यायला गुळगुळीत. काळी स्टाऊट आली की लगेच ‘जड आहे, जपून’. प्रत्यक्षात रंग येतो तो माल्ट किती भाजलं त्यावर, कडवटपणा येतो हॉप्सवर, आणि अल्कोहोल ठरतं यीस्टने किती साखर आंबवली त्यावर. या तिन्हींचा एकमेकांशी ठरलेला संबंध नाही. आयर्लंडची काळीकुट्ट गिनेस सुमारे ४.२ टक्के असते. बेल्जियमची डूव्हेल सोन्यासारखी पिवळी असते, आणि तिच्यात ८.५ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे आपल्या रिव्ह्यूवाल्याने पहिलीला जड आणि दुसरीला हलकी म्हटलं असतं. आंबा किंवा मध घातलेल्या बिअरचंही तेच. गोडव्याखाली अल्कोहोल जिभेला जाणवत नाही, रक्ताला जाणवतं.

मग येतं ‘नॅचरल, म्हणून हँगओव्हर नाही’. आपल्याकडे जुनी समजूत आहे की बाटलीतल्या बिअरमध्ये ग्लिसरीन असतं आणि डोकं त्यानेच धरतं. बाटली पाण्यात उलटी धरून ते ‘काढून टाकणारे’ तज्ज्ञ तुम्ही पाहिले असतील. ताजी बिअर आली आणि ही समजूत तिच्या बाजूने वापरली जाऊ लागली. खरं असं की हँगओव्हर प्रामुख्याने किती अल्कोहोल पोटात गेलं यावर ठरतो. अपुरी झोप, पाण्याची कमतरता आणि रिकामं पोट त्यात भर घालतात. क्राफ्ट बिअर महाग असते म्हणून एखादा दोन ग्लासांत थांबतो आणि सकाळी बरा उठतो. श्रेय बिलाला द्यायला हवं, दिलं जातं बिअरला.

आणि ‘नॅचरल’ म्हणजे सुरक्षित असं कोणी सांगितलं? यीस्टने बनवलेलं अल्कोहोल हेसुद्धा नैसर्गिकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि त्यात बिअर, वाइन, व्हिस्की असा भेद केला नाही. २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेने स्पष्ट केलं की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल अशी मद्याची कोणतीही पातळी नाही. (गंमत अशी की महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्याचा जो परवाना मिळतो, तो ‘आरोग्याच्या जतनासाठी’ म्हणून दिला जातो. आम्हा डॉक्टरांना कोणी विचारलं नव्हतं.)

मुतखड्याचं घ्या. ‘दोन बिअर मार, खडा पडून जाईल’ हा सल्ला रिव्ह्यूखालच्या गप्पांत हमखास येतो. काही निरीक्षणात्मक अभ्यासांत बिअर पिणाऱ्यांमध्ये खडे कमी दिसले आहेत, हे मी लपवणार नाही. पण आधीच अडकलेल्या खड्यावर तो उपचार नव्हे. बिअरने लघवी वाढते कारण अल्कोहोल मेंदूतून येणारं लघवी रोखणारं हार्मोन दाबतं. नळी तुंबलेली असताना वरून दाब वाढवला तर कळा वाढतात, आणि नंतर शरीर कोरडं पडतं. खडा पडेल की नाही हे त्याच्या आकारावर आणि जागेवर ठरतं. पाणी प्या आणि सोनोग्राफी करा. ज्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे त्यांनी तर बिअरपासून दूरच राहावं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकन अभ्यासात सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं होतं. गाऊटचा धोका सर्वाधिक वाढला तो बिअरने, व्हिस्कीसारख्या मद्यांपेक्षाही जास्त.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. ‘चकणाच इतका भारी की जेवायची गरज नाही.’ हे वाक्य मला रिव्ह्यूंमधलं सर्वात धोक्याचं वाक्य वाटतं, कारण ते डायबेटिसचे पेशंटही वाचतात.

तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल किंवा इन्सुलिन घेत असाल तर नीट वाचा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती पाहत नाही. जेवण झालं नाही तर एरवी लिव्हर नवीन साखर तयार करून रक्तातली पातळी सांभाळतं. पण पोटात अल्कोहोल असताना लिव्हर ते काम बाजूला ठेवतं. म्हणजे एकीकडे साखर खाली ओढणारी गोळी, दुसरीकडे साखर न बनवणारं लिव्हर, आणि पोटात खारे दाणे व चार तुकडे चिकन. साखर कोसळते. ती लगेच कोसळेल असंही नाही. घरी येऊन झोपल्यावर, पहाटे, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी.

आणि लक्षणं कोणती? घाम, थरथर, बोलणं अडखळणं, चिडचिड, असंबद्ध बडबड, तोल जाणं, गुंगी. घरच्यांना काय वाटणार? ‘चढली आहे, झोपू दे.’ तोंडाला वास येतोय म्हटल्यावर दुसरी शंका कोणाला येतच नाही. इथेच माणूस हातचा जातो किंवा मेंदूला कायमची इजा होते. म्हणून घरात डायबेटिसचा पेशंट असेल आणि तो पिऊन आला असेल, तर ‘चढली’ म्हणण्याआधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल आणि तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग पोळी-भात काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. साखर वर आली तरी हॉस्पिटलमध्ये जाच. या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.

दुसरा प्रकार पार्किंगचा. बारच्या रिव्ह्यूत ‘पार्किंग भरपूर, व्हॅले आहे’ म्हणून एक स्टार जास्त दिलेला मी कितीदा वाचला आहे! मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी ५ टक्क्यांचा एक मोठा ग्लास अर्ध्या तासात संपवला तर तो या रेषेच्या वर असू शकतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच बिअरने त्यांच्या रक्तातली पातळी आणखी वर जाते. मे २०२४ मधला कल्याणीनगरचा अपघात पुणेकर विसरलेले नाहीत. दोन तरुण जीव गेले.

बरं, ‘रात्री कॅबने आलो, सकाळी गाडी आणायला गेलो’ म्हणणाऱ्या शहाण्यांनाही एक हिशेब देतो. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. वरच्या ८४ ग्रॅमना ९ ते १२ तास लागतात. रात्री नऊला बसलात, तर सकाळी सहा ते नऊपर्यंत ते रक्तातच आहे. मुलांना शाळेत सोडायची वेळ कोणती असते, ते तुम्हीच पाहा.

‘डॉक्टर, दोन घटका मजा करू द्या की’ असं काही वाचक म्हणतीलच. करा. जायचं की नाही हा तुमचा निर्णय आहे, आणि मी काही कुणाच्या टेबलापाशी येऊन उभा राहणार नाही. पण तुम्ही लिहिता तेव्हा तुमच्या शब्दावर दुसरा कोणी ग्लास मागवतो. म्हणून लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. फळ्यावरची टक्केवारी आणि ग्लासाचं माप लिहा. तुम्ही किती प्यायलात, सोबत काय जेवलात आणि घरी कसे गेलात तेही लिहा. फळ्यावर टक्केवारी नसेल तर वेटरला विचारा, त्याला माहीत नसेल तर तेच रिव्ह्यूत लिहा आणि स्टार कापा. ‘हलकी’ हा शब्द ४ टक्क्यांच्या खालच्या बिअरसाठी राखून ठेवा. आणि न पिणाऱ्या मित्राला तिथे काय मिळालं तेही सांगा. चांगलं कोकम सरबत मिळतं की नुसता डबाबंद ज्यूस, हे अजून एकाही रिव्ह्यूत माझ्या वाचनात आलेलं नाही.