अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांस एक खुले पत्र

मा. अध्यक्ष, अणुऊर्जा आयोग, यांसी,



परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९६२ साली आपल्या खात्याच्या अखत्यारीत आले आणि पुढच्याच वर्षी परळमध्ये किरणोत्सारी औषधांनी निदान व उपचार करणारे केंद्र उभे राहिले. तेव्हापासून अणुभट्टी, समस्थानिके आणि रुग्णशय्या या तिन्हींवर एकाच दफ्तराची मोहोर आहे. या योगाच्या बळावरच एक तजवीज आपणांपुढे मांडीत आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या शोधात मॅमोग्राफीची उपयुक्तता निर्विवाद असली, तरी ज्या स्त्रियांच्या स्तनांतील ऊतक दाट असते, आणि तरुण वयात ते बहुधा दाटच असते, त्यांच्या चित्रात ऊतकही पांढरे व गाठही पांढरी अशी अवस्था होऊन तज्ज्ञाची दृष्टी कुंठित होते. तेथे आकार सोडून पेशींच्या व्यापाराकडे पाहणारी रीत कामी येते. टेक्नेशियमयुक्त सेस्टामिबी शिरेतून दिले असता ते अर्बुदाच्या पेशींत अधिक साठते, आणि तेथून निघणारे १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण टिपता आले की गाठीचा ठाव लागतो.

हे टिपण्याचे काम हाल अँगर यांच्या कॅमेऱ्याच्या वंशजांनी दीर्घकाळ केले. त्यात सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात किरणाचा आधी प्रकाश होतो, मग त्या प्रकाशाची वीज, आणि या दोन पायऱ्यांत बरेच निसटते; शिवाय त्याची निष्क्रिय कड इतकी रुंद की छातीलगतचा भाग दृष्टीआड राहतो. कॅडमियम झिंक टेल्युराइड हा अर्धसंवाहक मात्र किरणाची थेट वीज करतो. अशा एका किरणापासून त्यात सुमारे ३०,००० इलेक्ट्रॉन-विवर युग्मे सुटतात, जर्मेनियमला लागतो तसा द्रव नायट्रोजनचा थंडावा त्याला लागत नाही, आणि ऊर्जा नेमकी मोजली जात असल्याने वाटेत दिशा बदलून आलेले किरण वेगळे काढता येतात. अशा दोन पट्टिकांमध्ये स्तन हलकेच धरला की सेंटिमीटरहून लहान गाठीही दिसू शकतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये या पद्धतीवर दीर्घकाळ काम होऊन औषधाची मात्रा ३०० मेगाबेकरेलच्या आसपास उतरली आहे. एकेका चित्रास दहा मिनिटे लागतात. आपल्या बाह्यरुग्ण विभागांतील गर्दी पाहता ही अडचण लहान नव्हे.

सरसकट तपासणीसाठी हे यंत्र मागण्याचा माझा मानस नाही, कारण येथे किरणोत्सार सर्व शरीरास पोचतो. शिवाय आपल्याच टाटा केंद्राने मुंबईतील दीड लाखांवर स्त्रियांची वीस वर्षे पाहणी करून २०२१ साली दाखविले, की प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीने जिचा संशय फिटत नाही, त्या स्त्रीपुरतीच ही मागणी आहे.

खरी अडचण स्फटिकाची. वाढताना टेल्युरियमचे सूक्ष्म कण आत अडकले की विद्युत्भार वाटेतच खोळंबतो, आणि निर्दोष तुकडा दुर्मिळ म्हणून महाग होतो. २०१५ साली ॲस्ट्रोसॅटवर गेलेल्या क्ष-किरण उपकरणात आपल्याच खात्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने याच पदार्थाच्या ६४ पट्टिका बसविल्या. त्या पट्टिका वैद्यकीय कॅमेऱ्यांचे शोधक बनविणाऱ्या एका इस्रायली कंपनीकडून आल्या होत्या. रुग्णासाठी विकसित झालेली वस्तू आमच्याकडे कृष्णविवरे न्याहाळू लागली, याचे कौतुक वाटते आणि थोडी खंतही! स्फटिक वाढविण्याची विद्या ट्रॉम्बेत आहे, वाशीहून टेक्नेशियमची जनित्रे देशभर जातात. उणीव आहे ती या एका स्फटिकाची.

तेव्हा अर्ज असा, की या पदार्थाच्या वाढीसाठी ट्रॉम्बेस किमान दहा वर्षांची अखंड मंजुरी द्यावी आणि वाया गेलेल्या प्रत्येक स्फटिकाचा जाब दरसाल मागू नये. पहिल्या समाधानकारक पट्टिकांचा कॅमेरा परळला लावून त्याची सोनोग्राफीशी रीतसर तुलना करावी. आणि तीत सहभागी होणाऱ्या स्त्रीच्या हाती पडणारे संमतिपत्र तिला वाचून समजेल अशा मराठीत असावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक नागरिक