आधी पाण्याची जागा

घराच्या नकाशात दारूला जागा आहे आणि पाण्याला नाही, हे बघून या आठवड्यात माझं डोकं तापलं. पुण्याला नोकरी करणारा पुतण्या लातूर जिल्ह्यातल्या जळकोटचं जुनं घर पाडून नवं बांधतोय. नकाशा दाखवायला आला. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला बार काउंटर, वर बाटल्यांचे काचेचे कप्पे, त्यांच्यामागं दिवे, समोर उंच स्टूल. मी विचारलं, "नळ कुठंय? मोरी कुठंय?" तो म्हणाला, "काका, पाणी आतून आणता येतंय की." आतून कोण आणणार ते त्यानं सांगितलं नाही. वहिनी दारातच उभ्या होत्या.

घरात बार असण्याला माझा विरोध नाही. शेतातल्या आखाड्यावर बसून प्यायची आणि अंधारात मोटारसायकलवर घरी यायचं, त्यापेक्षा घरात, मोजकी, माणसांच्या नजरेसमोर घेतलेली बरी. मात्र कायदा आधी सांगून टाकतो, कारण कितीतरी जणांना तो माहीतच नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला, अगदी स्वतःच्या घरातसुद्धा, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. आपल्याकडून कर्नाटक आणि तेलंगणा जवळ, म्हणून तिकडून स्वस्तातली बाटली गाडीत टाकून आणायची सवय लागलेली असते. तो गुन्हा आहे.

आता नकाशाकडे येतो. पश्चिमेची भिंत आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत रात्री उशिरापर्यंत ऊन ओकत असते. त्या भिंतीवर बाटल्या आणि त्यांच्यामागं दिवे म्हणजे दोन्हीकडून उष्णता. व्हिस्की एकवेळ तग धरेल, वाइन धरणार नाही. तिला गारवा आणि अंधार लागतो, बूच कॉर्कचं असेल तर ती आडवी ठेवावी लागते आणि एकदा उघडली की फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच बरी राहते. काउंटरला त्यानं शहाबादी फरशी योजली होती. फरशी आपल्या भागातली, दिसायला सुरेख, पण तो चुनखडीचा दगड आहे. लिंबाचा रस सांडला की खातो आणि डाग कायमचा बसतो. तिथं ग्रॅनाइटच हवा. बारचा काउंटर साधारण साडेतीन फूट उंच आणि स्टूल अडीच फूट असतं. त्या स्टुलावर चढणार कोण? गावाकडच्या घरात येणारे पाहुणे बहुतेक साठीच्या पुढचे, गुडघे धरून बसणारे. काउंटरचं एक टोक साध्या टेबलाइतकं खाली घ्या, खाली दोन खुर्च्या सरकवा, म्हणजे तेही तिथं बसतील.

पण माझा खरा राग पाण्यावरचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि पाणी ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी धावू लागली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून जमावबंदी लावली होती. लोक तहानेसाठी भांडतील म्हणून १४४ कलम! त्या उन्हाळ्यात ज्यानं हंडा धरून रात्र काढली, त्याला घराच्या नकाशात पाण्याची जागा विसरता येत नाही. पुतण्या तेव्हा पुण्यात होता.

आमच्या जुन्या घरात शिरल्याबरोबर डाव्या हाताला घडवंची होती. तिच्यावर रांजण, माठ, झाकणीवर पालथा तांब्या. कुणीही आलं, शेजारचं असो की रस्त्यानं जाणारं, आधी पाणी, मग गूळ, मग बोलणं. घरातली आतिथ्याची जागा तीच होती. नव्या नकाशात त्या कोपऱ्यात बार आलाय. येऊ दे, पण त्या कोपऱ्याचं काम त्यानं पत्करलं पाहिजे. दारू न पिणारा माणूस, बायका, शाळेतून आलेलं पोर, सगळ्यांना तिथं काहीतरी मिळालं पाहिजे. कैरीचं पन्हं, सब्जा घातलेलं लिंबू सरबत, कोकम, जिऱ्याचं ताक यांच्या बाटल्या आणि बरण्या हाताशी राहतील असा कप्पा खाली करायचा आणि कुलूपबंद कप्पा वर, पोरांचा हात पोचणार नाही असा. लिंबू पिळायला, पुदिना ठेचायला, बर्फ फोडायला जी जागा लागते ती दोन्हीला एकच.

आणि बर्फ म्हणजे पाणीच. आपलं बोअरचं पाणी जड. त्याचा बर्फ पांढुरका होतो, चव उतरते आणि ग्लास कितीही पुसला तरी क्षाराचे ठिपके राहतात. म्हणून बर्फाला आणि शेवटच्या विसळणीला आरओ फिल्टरचं पाणी घ्यावं. पण असं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. ते पाणी मोरीत सोडून देणं या तालुक्यात मला सहन होत नाही. त्यासाठी ओट्याखाली बादली ठेवायची सोय हवी, फरशी पुसायला ते चालतं. ग्लास विसळलेलं पाणी वेगळ्या पाइपनं परसातल्या लिंबाच्या बुडाशी न्यायचं. भिंती उभ्या राहण्याआधी हे पाइप टाकले तर खर्च किरकोळ, नंतर फरशी फोडावी लागते.

हे सगळं कागदावर काढून दिलं. पुतण्यानं बार उत्तरेच्या भिंतीला घेतला, मोरीला चिकटून, आणि परवान्याचा अर्ज स्वतः भरायचं कबूल केलं. वहिनींची एक अट राहिली आहे. प्यायलेला ग्लास ज्याचा त्यानं विसळायचा, त्यासाठी सिंक काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, बसणाऱ्यांच्या हाताशी हवं. मला ते पूर्ण पटलंय. पुतण्याचा होकार अजून यायचाय, आणि मिस्त्री सोमवारी पाइप टाकायला येतोय.