वेड्यांच्या घरातला बॅटमॅन

शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी ‘अर्कहॅम असायलम’वरून आठवडाभर वाद चालला. ग्रँट मॉरिसनची कथा, डेव्ह मॅककीनची चित्रं, साल १९८९. थोरला खूश, वेड्यांच्या इस्पितळात शिरताना आपणही इथलेच तर नाही ना, अशी धास्ती बॅटमॅनला वाटते, हेच त्याला भावलं. धाकटी म्हणे, चित्रं काळोखी, जोकरची लाल अक्षरं वाचवत नाहीत. आम्ही इंद्रजालच्या वेताळावर वाढलेले. तो कशाला घाबरतोय!

आम्हाला सलत होतं ते वेगळंच. त्यातला जवळजवळ प्रत्येक रुग्ण राक्षस. आमच्या खाला चार महिने रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात होत्या. परतल्यावर त्यांनी आधी शिरखुर्मा केला.

हे सांगितलं, तर धाकटीनं विचारलं, “अम्मी, तिथं त्यांना भेटायला कोण जायचं?”

आम्ही दोनदाच गेलो होतो.