वाफसा आणि शनिवार

एप्रिल उजाडला की इकडे न्यू जर्सीत परसापरसांतून टिलरची घरघर सुरू होते. एक दिवसाच्या भाड्याने मिळणारं हे यंत्र लेकाच्या मित्रांत फार लोकप्रिय. चार घरांनी मिळून आणायचं, शनिवारी सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. सोय उत्तम. माझी तक्रार आहे ती शनिवाराबद्दल.

आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पाळी कधी घालायची? तो म्हणेल, वाफसा आल्यावर. म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, मातीत हवाही खेळते आहे, अशी अवस्था. ती काही सुट्टी बघून येत नाही. एडिसनच्या आसपासची लालसर चिकण माती तर बर्फ आणि पाऊस पिऊन कित्येक दिवस जड राहते. त्यात टिलर फिरवला की वरून भुसभुशीत दिसतं खरं, पण ऊन पडलं की ढेकळं विटांसारखी वाळतात आणि पात्यांखालचा थर दडपला जातो. परीक्षा सोपी आहे. मूठभर माती दाबून गोळा करा, त्यावर अंगठा टेकवा. गोळा फुटला तर कामाला लागा, नुसता खळगा पडला तर घरात जाऊन चहा प्या.

शिवाय खोल निजलेलं तणाचं बी टिलर वर आणतो. गांडुळांचं काय होतं ते सांगायलाच नको. ओहायोच्या एडवर्ड फॉकनर यांनी १९४३ साली 'प्लाउमन्स फॉली' या पुस्तकात नांगरटीच्या गरजेवरच प्रश्न उभा केला होता. मी तितक्या टोकाला जात नाही. वर्षानुवर्षं तुडवलेल्या हिरवळीवर पहिल्या वर्षी एकदा, वाफसा बघून, जरूर फिरवावा. दरवर्षी कशाला?

माझं मत गादीवाफ्याला. (इकडे 'रेज्ड बेड' म्हणतात, म्हणून मुलांना तो अमेरिकन शोध वाटतो! आपल्याकडे कांद्या-मिरचीची रोपं गादीवाफ्यावरच करतात की.) रुंदी ४ फुटांहून जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, आत पाय ठेवावा लागत नाही. पाय पडला नाही की माती दबत नाही, मग यंत्रही लागत नाही. पाण्याचा निचरा होतो, माती लवकर ऊब धरते, मेथी-कोथिंबीर एप्रिलमध्येच पेरता येते. भेंडी-गवारीला मात्र मेच्या उत्तरार्धापर्यंत थांबावंच लागतं. खर्च आहे, नाही असं नाही. ४ बाय ८ फुटांच्या, फूटभर उंच वाफ्याला ३२ घनफूट माती लागते आणि जुलैत तो चटकन सुकतो.

पण माझ्या मनातलं कारण वेगळंच आहे. आम्हा आजी-आजोबांचा मुक्काम सहा महिन्यांचा. यंदा हौसेने अख्खं परस नांगरून टाकलं, तर पुढच्या वर्षी आम्ही नसताना ते कोण बघणार? लेक-सून दोघंही नोकरीवाले. ऑगस्टात गुडघाभर तण माजणार आणि बागकाम म्हणजे कटकट, हेच नातीच्या मनात बसणार. तिला शाळेतून आल्यावर दहा मिनिटांत पाणी घालून होईल, इतकीच बाग असावी. लेक तीन वाफे म्हणतोय, मी दोनवर अडून बसलोय.