धांवता चेंडू व दोन पडदे

उचगांवांतल्या एखाद्या घरीं संगणकावरील खेळांसाठीं नवा पडदा घ्यावयाचा निघाला, कीं मुलगा ‘ओएलईडीच पाहिजे’ म्हणून हट्ट धरितो आणि वडील किंमत ऐकून गप्प बसतात. आमच्या मतें दोघांनींही आधीं एक प्रश्न विचारावयास हवा: धांवती वस्तु पडद्यावर पुसट कां दिसते?

हा प्रश्न कोल्हापुरास नवा नाहीं. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं पडद्यावर आला. त्या काळच्या प्रक्षेपणयंत्रांत फीत एका चित्रावरून दुसऱ्यावर सरकत असतां प्रकाशाच्या वाटेंत एक फिरती झडप येत असे. चित्र स्थिरावलें कीं उजेड, सरकूं लागलें कीं अंधार. तो अंधार नसता, तर साऱ्या चित्रांस शेंपट्या फुटल्या असत्या.

एलसीडी पडद्यांत अशी झडप सहसा नसते. मागें दिवा अखंड जळत असतो, आणि पुढील द्रवस्फटिक वळून त्याचा प्रकाश कमीजास्त सोडतात. ह्या वळण्यास कांहीं मिलिसेकंद लागतात. काळ्यावरून करड्या छटेवर येतांना कित्येक पडद्यांत तर फारच. म्हणून अंधाऱ्या देखाव्यांत पळणाऱ्या आकृतीमागें काळसर ओघळ दिसतो. ओएलईडींत प्रत्येक बिंदु स्वतःच प्रकाशतो व एका मिलिसेकंदाहूनही पुष्कळ कमी वेळांत पालटतो. तेथें हा दोष जवळजवळ नाहींच. येथवर मुलाचें म्हणणें खरें.

परंतु दुसरा एक दोष दोन्ही पडद्यांस सारखाच आहे, आणि त्याविषयीं दुकानदार क्वचितच बोलतो. सेकंदाला ६० चित्रें असतील, तर प्रत्येक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद जागच्या जागीं खिळून राहतें. आपला डोळा मात्र चेंडूबरोबर पुढें जात असतो. सेकंदाला ९६० बिंदु ओलांडणारा चेंडू त्यामुळें १६ बिंदूंइतका फरफटलेला दिसतो, मग पडदा कितीही महाग असो. चित्रें १२० केलीं, तर ही फरफट ८ बिंदूंवर येते. २४० केलीं, तर ४ वर. जुन्या, कांचेच्या नळीच्या टीव्हीवर चेंडू स्वच्छ दिसे तो याचमुळें. तेथें उजेड क्षणभर चमकून विझत असे.

तेव्हां घरचा संगणक सेकंदाला ६० चित्रेंच देत असेल, तर केवळ गतीच्या स्पष्टतेसाठीं ओएलईडीवर अधिक पैसा घालणें आम्हांस पटत नाहीं. तो १२० देत असेल, तर १२० चा चांगला एलसीडी ६० च्या ओएलईडीहून धांवत्या चेंडूस अधिक न्याय देतो. चित्रसंख्या सारखी असेल, तर मात्र ओएलईडीच सरस, हें आम्हीं नाकारीत नाहीं. गुणफलक तासन्‌तास एकाच जागीं राहिल्यास त्याचा कायमचा ठसा त्या पडद्यावर उमटूं शकतो, एवढें वडिलांनीं ध्यानांत ठेवावें. कांहीं एलसीडींत दिवा क्षणोक्षणीं विझविण्याची सोय असते. ती म्हणजे आपली जुनी झडपच. तिच्या योगें स्पष्टता ओएलईडीवरही मात करूं शकते, पण उजेड घटतो, आणि ती फडफड कित्येकांच्या डोळ्यांस सोसत नाहीं.

दुकानांत वडिलांनीं मुलास बरोबर न्यावें. तेथील चकचकीत चित्रफिती पाहत बसूं नये. मराठी मजकुराची एक ओळ आडवी सरकवावयास सांगावी, तिच्या मागोमाग डोळे न्यावे, आणि अक्षरांवरले अनुस्वार वाचतां येतात कीं नाहीं तें पाहावें.