आठवीनंतरचे ७०० किलोकॅलरी

अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने चढला की चयापचयाचा वेग १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, हे आपण सगळेच शिकलो आहोत. पण सोलापूरच्या नवी पेठेतल्या दवाखान्यात नववीतला मुलगा तापाने फणफणून समोर बसतो, तेव्हा ही जादा ऊर्जा त्याने आणायची कुठून, हे आपण क्वचितच विचारतो.

या वयात मागणी मुळातच मोठी. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज २८६० किलोकॅलरी लागतात. त्यात संसर्ग झाला की स्नायूंतली प्रथिने मोडून प्रतिकाराच्या कामी लागतात, इंटरल्यूकिन-६ वाढते, आयजीएफ-१ उतरते आणि उंची रेंगाळते. त्यासाठी मोठे आजारपणच हवे असे नाही. इक्वेडोरमधल्या शुआर मुलांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिकारयंत्रणा थोडीशी जास्त सक्रिय असतानाही वाढ ४९ टक्क्यांपर्यंत घटलेली आढळली. अंगावर चरबीची शिल्लक असलेली मुले त्यातून बचावली.

सोलापुरात विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतल्या अनेक मुलांजवळ ही शिल्लक नसते. शाळेतला पोषण आहारही आठवीला संपतो. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ठरलेले ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचे जेवण, मुलगे सर्वाधिक वेगाने वाढतात त्याच सुमारास बंद होते. मला हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या असमर्थनीय वाटतो.

क्षयाचे प्रमाणही याच वयात झपाट्याने चढते. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ चाचणीत (निष्कर्ष २०२३) क्षयरुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषक घटक दिले गेले. माणशी रोज सुमारे ७५० किलोकॅलरी. फक्त रुग्णालाच शिधा मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे शाळेतल्या त्या एका जेवणाएवढेच अन्न!

म्हणून मित्रहो, ‘हलके खा’ एवढेच सांगून या मुलांना घरी पाठवू नका. ताप उतरल्यावर दोन-तीन आठवडे रोज एक जादा जेवण औषधाच्या चिठ्ठीवरच लिहा: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळ, चालत असेल तर अंडे. आजार कोणताही असो, दर तीन महिन्यांनी उंची-वजन केसपेपरवर नोंदवा. उंचीचा वेग मंदावलेला दिसला तर टॉनिक लिहिण्याआधी घरात कुणाला क्षय आहे का, आणि रात्री चुलीवर काय शिजते, हे आईला विचारा.